सासूबाईंच्या हातातलं कापरं

मॅट्रिकला इंग्रजीत मला बरे मार्क पडले होते आणि त्याचा मला तोराही होता. शेक म्हणजे हलणे, झालं, एवढ्या एका शब्दावर आपलं आयुष्य निभावेल असं मला वाटायचं. हलण्याचे किती प्रकार असतात आणि इंग्रजांनी त्यातल्या एकेकाला कसा वेगळा शब्द ठेवलाय, हे मला पनवेलच्या बायकांच्या दवाखान्यात कळलं, आणि तेही बोलणी खाऊन.

गोष्ट पन्नास सालानंतरची. तळ्यापलीकडे दोन खोल्यांत कुणा धर्मादाय मंडळींनी तो दवाखाना काढला होता. डॉक्टरीणबाई मद्रासकडच्या. त्यांना मराठीत ‘पाणी प्या’ आणि ‘उद्या या’ यापलीकडे काही येत नव्हतं. आणि येणाऱ्या बायका ओवे, विचुंबे, पळस्पे इथल्या, मिठागरावरच्या, भाताच्या खाचरातल्या, वीटभट्टीवरच्या. मधे बोलायला कुणीतरी हवं होतं. आमच्या गल्लीत इंग्रजी शिकलेली सून मी एकटीच, म्हणून मंडळी विचारायला आमच्या घरी आली. मामंजींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे तिला, घरात बसून माझ्याशी वाद घालते तो तिकडे घालील. मला राग आला, पण मी चपला घालून तयार होते.

पहिल्याच महिन्यात ओव्याची एक बाई वर्षाचं मूल घेऊन आली. मूल तापाने फणफणलेलं. ती म्हणाली, “पोराचा आंग उडतंय, बाय.” मी मोठ्या ऐटीत ‘शिव्हरिंग’ म्हणून सांगून मोकळी झाले. डॉक्टरीणबाईंना वाटलं हिवताप, त्या क्विनीन आणायला आतल्या खोलीत वळल्या. तेवढ्यात मुलाने डोळे फिरवले, अंग ताठ केलं आणि ते हातपाय झटकायला लागलं. बाई धावत आल्या, त्यांनी करायचं ते केलं, मूल वाचलं. पण ते पांढरे डोळे मी पुढे कितीतरी दिवस पाहत होते.

सगळे गेल्यावर बाईंनी मला समोर बसवलं. त्या कधी ओरडत नसत, आवाज खाली नेत, आणि ते जास्त लागायचं. शिव्हर म्हणजे थंडीने किंवा ताप चढताना कुडकुडणं, त्या म्हणाल्या, हे ते नव्हतं, हे झटके होते. मी आत आणखी थोडी रेंगाळले असते तर काय झालं असतं ते तूच ठरव. मग त्यांनी नियम घातला. रोग्याचं काहीही हलत असेल तर मी त्याला इंग्रजी शब्द द्यायचा नाही. मी ते करून दाखवायचं. शब्द त्या देतील.

मला त्यांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. नऊवारी नेसलेली लेकीसुनेची जात, मी चार बायकांसमोर अंग हलवून दाखवायचं? त्या रात्री नवऱ्याला म्हटलंसुद्धा, उद्यापासून जात नाही. पण दुसऱ्या दिवशी गेले आणि दाखवलं.

सुरुवातीला बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मग त्यांनाच त्यात रस वाटायला लागला. “असा नाय, बाय, जरा हलूहलू,” म्हणून त्या मला सुधारायच्या, आणि बरोबर जमलं की मान डोलवायच्या. पळस्प्याच्या एका म्हातारीची पापणी आपोआप उडायची, तिला बाईंनी ट्विच म्हटलं आणि नीट झोप घ्यायला सांगितली. अंगावर पाल पडल्यावर एकदाच सगळं शरीर शहारतं तो शडर. वीटभट्टीवरची एक कातकरीण पाटी उचलताना पाय लटपटतात म्हणाली. मी लटपटून दाखवलं, बाईंनी ट्रेंबल म्हटलं, आणि बाटलीतल्या औषधाऐवजी तिला आधी पेज प्यायला लावली. बाईंच्या शब्दांमागे कारण असायचं. कुठून सुरू होतं, किती मोठं, थांबतं कधी, कशाने, हे सगळं त्या विचारायच्या आणि मग शब्द द्यायच्या.

विचुंब्याची एक नवी नवरी आठवते. हिव भरतं म्हणाली. मी तिची नक्कल करायला लागले आणि माझी मान आपोआप खांद्यांत गेली, कोपर तोंडासमोर आलं. थंडीने कुडकुडणारं माणूस हात पोटाशी घेतं, तोंडासमोर धरत नाही. बाईंनी पाहिलं, शिव्हर नाही म्हणाल्या, आणि तिला पाठ दाखवायला सांगितलं. पाठीवर काठीचे वळ होते. त्या पोरीला आम्ही मलम दिलं, दुसरं काय देणार होतो. तिला परत त्याच घरी जाताना पाहिलं आणि माझं डोकं भणभणून गेलं.

घरात मात्र मी असह्य झाले होते. भातगिरणीतून पावसात भिजून आलेल्या नवऱ्याला टॉवेल देण्याआधी मी त्याचं कुडकुडणं बघत बसायची. सासूबाई म्हणायच्या, बघून झालं असेल तर चहा टाक.

आता सासूबाईंबद्दल सांगते. माहेर गरिबाचं, रूप बेताचं, बोलणं कमी. गल्लीत त्यांना एरवी कुणी विचारायचं नाही. पण नवरात्रातल्या अष्टमीला आमच्या गल्लीत उभी महालक्ष्मी मांडतात, तिचा तोंडवळा तांदळाच्या उकडीचा घडवतात, आणि गल्लीच्या महालक्ष्मीचं तोंड सासूबाईच करायच्या. साचा नाही, काही नाही. गरम उकड मळून बोटांनी नाक उभं करायचं, गाल चेपायचे, काजळाने डोळे काढायचे. पाहता पाहता तो पिठाचा गोळा आपल्याकडे बघायला लागायचा. संध्याकाळी घागरी फुंकायचा कार्यक्रम. ऊद घातलेल्या घागरीत तोंड घालून बायका फुंकत फुंकत नाचतात, आणि एखादीच्या अंगात देवी येते. ती दर वर्षी सासूबाईंच्याच अंगात यायची. मग बायका त्यांच्या पाया पडून काय काय विचारायच्या. वर्षातला तो एक दिवस त्यांचा.

माझ्या लग्नानंतरच्या तिसऱ्या अष्टमीला असंच सगळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई ओटीवर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर. मला वाटलं वाती वळतायत. अंगठा दोन बोटांवरून सारखा फिरत होता. जवळ गेले तर हातात कापूसच नव्हता. शेजारच्या काकूंनीही ते पाहिलं आणि चटकन हात जोडले. देवी अजून हातातून उतरली नाही, त्या म्हणाल्या. दुपारपर्यंत ते गल्लीभर झालं.

देवी उतरली नाही ती नाहीच. आठवडे गेले, महिने गेले, हात चालूच. बायका येऊन तो हात डोळ्यांना लावायच्या, रडक्या पोरांच्या डोक्यावर ठेवून घ्यायच्या. सासूबाईंना बसायला पाट मिळायला लागला, हळदीकुंकवात पहिला मान मिळायला लागला. मला ते बघून बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची, कारण मला ते हलणं ओळखीचं वाटत नव्हतं.

शेवटी मी ते डॉक्टरीणबाईंना करून दाखवलं. घाईत चुकीचंच दाखवलं. समोरचा पेला घ्यायला हात पुढे केला आणि हलवला. बाईंनी विचारलं, पेला घेताना हलतो की हात स्वस्थ असताना? मला सांगता येईना. घरी जाऊन बघितलं. सासूबाईंनी तांदूळ निवडायला घेतले की हात शांत. सूप बाजूला ठेवलं, हात मांडीवर आला, की अंगठा सुरू. पुन्हा जाऊन तसं दाखवलं. बाईंनी त्यांची चाल कशी आहे तेही विचारलं. मग त्यांनी ट्रेमर हा शब्द दिला आणि त्याच्यामागचं सगळं सांगितलं. हा हळूहळू दुसऱ्या हातात जाईल, चाल मंदावेल, चेहरा हलेनासा होईल, पुढे जबडाही हलेल. एक औषध आहे, त्याने थोडा आराम पडतो आणि तोंड कोरडं होतं. बरं करणारं औषध नाही. त्यांना घेऊन ये, त्या म्हणाल्या.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या त्या बाईंना सगळीकडे रोगच दिसतो, आईला कधी नव्हे तो मान मिळतोय तो मिळू दे. मी भांडी आपटली. पण आपटताना मला कळत होतं की त्याचंही अगदीच चुकत नाहीये. सासूबाईंचा तो मान मी कुठल्या तोंडाने काढून घेणार होते? मी गप्प बसले आणि वर्ष जवळजवळ तसंच गेलं.

भाद्रपदात शेजारच्या काकूंची लेक माहेरपणाला आली. तिच्या मुलाला दोन दिवस ताप होता. दुपारी ती मुलाला घेऊन आमच्या ओटीवर आली, दवाखान्यात नाही. सासूबाईंचा हात तिने त्याच्या कपाळावर ठेवून घेतला आणि सगळ्या डोळे मिटून बसल्या. मी आतून बघत होते. मुलाचा अंगठा तळव्यात मिटला होता आणि एक पाऊल थोडं थोडं झटकत होतं. ओव्याचं ते मूल माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी बाहेर आले, सासूबाईंचा हात बाजूला सारला, मूल उचललं आणि तळ्याच्या वाटेने पळत सुटले. दवाखान्याच्या पायरीवरच त्याला मोठा झटका आला.

मूल वाचलं. पण मी परत आले तेव्हा गल्ली माझ्यावर उठली होती. देवीचा हात झटकला, म्हणे. काकू बोलेनात, त्यांची लेक बोलेना, नवरा तर तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी मला मागच्या पडवीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“त्या बाईंना दाखवतेस तसं मला दाखव,” त्या म्हणाल्या. “देवी येते तेव्हा मी कशी हलते?”

मी दाखवलं. आधी श्वास मोठा होतो, मग खांदे, मग कंबर, मग मान मागे जाते आणि केस सुटतात. सगळं अंग एकदम. आणि संपलं की रिकामं झाल्यासारखं खाली बसायचं आणि पाणी मागायचं. त्या अगदी टक लावून बघत होत्या. कुणी कधी त्यांना त्यांचं ते रूप दाखवलं नव्हतं.

“आणि हा हात?”

मी खाली बसले, हात मांडीवर ठेवला आणि अंगठा बोटांवरून फिरवायला लागले. शेजारी त्यांचा हात तसाच चालला होता. दोन्ही हात त्या आळीपाळीने बघत राहिल्या.

“हे फार लहान आहे,” त्या म्हणाल्या. “देवी एवढं लहान हलत नाही.”

मी बाईंनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. त्यांना धक्का बसला नाही. म्हणाल्या, देवी येते आणि जाते, गेल्यावर हलकं वाटतं, हे जातच नाही, मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मग बोलला का नाहीत, असं मी जरा रागानेच विचारलं.

“वर्षातून एक दिवस लोक माझ्याकडे बघायचे,” त्या म्हणाल्या. “आता रोज बघतात.”

मी त्यांचा हात हातात घेतला, तेव्हा तो थांबला.

त्या अष्टमीला त्यांनी नेहमीप्रमाणे सोवळ्यात उकड मळायला घेतली. मी जीव मुठीत धरून शेजारी बसले होते. पण पिठात गेल्यावर हात असा शांत झाला की कुणाला काही सांगून पटलं नसतं. काजळाची रेघ एका दमात गेली. इतकं देखणं तोंड त्यांनी आधी कधी केलं नव्हतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

संध्याकाळी घागरी फुंकायच्या आधी बायका पोरांना घेऊन त्यांच्यापुढे आल्या. सासूबाईंनी हात पदराखाली घेतला. त्या एवढ्या लोकांत कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या, त्यामुळे आवाज चिरकला. “या हातात देवी नाही. आजार आहे. पोरांना बरं नसेल तर दवाखान्यात न्या.” मग त्यांनी घागर उचलली. त्या संध्याकाळीही देवी आली, मी शपथेवर सांगते. श्वास, खांदे, कंबर, मान, सगळं जसंच्या तसं. पण कुणी पुढे आलं नाही, कुणी काही विचारलं नाही. त्या खाली बसल्या तेव्हा पाणी मीच नेऊन दिलं.

पोरं दवाखान्यात यायला लागली, ते खरं. पण पुढच्या वर्षी अष्टमीआधी काकू आणि आणखी दोघीजणी आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, वहिनी, आता तुम्ही आराम करा. दुखणाईत हात देवीच्या तोंडाला नको, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी मधे पडले. म्हटलं, कामात असताना हा हात हलत नाही, रिकामा असला की हलतो. आणि समजावं म्हणून तिथेच बसून करून दाखवलं, मांडीवरचा हात असा, आणि पिठातला असा. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. बघा, सासूला कशी वेडावते, असं काकू बाहेर पडताना बोलल्याच. माझं अंग रागाने नुसतं पेटलं. सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे, चहा टाक.

त्यानंतर दुखणं भराभर वाढलं. डावा हातही सुरू झाला. बाईंचं औषध सुरू झालं होतं, त्याने तोंड कोरडं पडायचं, बोलणं बारीक झालं. सगळ्यात वाईट म्हणजे चेहरा थांबला. हसू, कंटाळा, राग, काही उमटेना. आणि मी, जिला गावोगावच्या बायकांची थरथर वेगवेगळी ओळखता यायची, तिला घरातलंच माणूस कळेना. थंडी वाजली तरी तेच, घाबरल्या तरी तेच, अशक्तपणा आला तरी तेच. बाईंनी मला एकेक करून दिलेले सगळे शब्द त्या एका हलण्याखाली गेले होते. मला विचारावं लागायचं, गार वाटतंय का, भीती वाटते का. विचारलं की त्या सांगायच्या. म्हणून मी विचारायची सवय लावून घेतली.

आणखी एका अष्टमीला त्या म्हणाल्या, मला देवी बघायची आहे. मी त्यांना धरून हळूहळू गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. तोंड काकूंनी केलं होतं. नाक बसकं, एक डोळा दुसऱ्याच्या वर. सासूबाई समोर उभ्या राहून बघत राहिल्या, चेहरा तसाच कोरा. मग त्यांचा खालचा ओठ हलायला लागला, आणि हनुवटी. बाईंनी सांगितलेलं होतंच, हे पुढे जबड्यात जातं. मी पदराने त्यांचं तोंड टिपलं, लोकांनी बघू नये म्हणून पुढे उभी राहिले आणि त्यांना घाईने घरी घेऊन आले. त्यांना काही विचारावं हे त्या घाईत मला सुचलंच नाही.

दवाखान्यात गेल्यावर मी तो ओठ आणि हनुवटी बाईंना करून दाखवली. आता ओठही गेला, म्हटलं. बाईंनी पुन्हा दाखवायला सांगितलं. मग स्वतःच्या हनुवटीला बोट लावून म्हणाल्या, याला क्विव्हर म्हणतात, हे रडू येण्याआधी होतं. ट्रेमरही असू शकेल, नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही. आणि मग आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, “तू विचारलं?”

मी घरी आले. सासूबाई ओटीवर वाती वळत बसल्या होत्या. कापूस हातात असला की हात अजूनही बराचसा शांत राहायचा, म्हणून गल्लीच्या देवीच्या वाती त्या वर्षभर वळायच्या. मी समोर बसले आणि विचारलं, आई, त्या दिवशी देवीपुढे ओठ हलत होता, तो दुखण्याने ना?

त्यांनी वात पुरी केली, तबकात ठेवली. हात मांडीवर आला आणि अंगठा सुरू झाला.

“रडत होते गं,” त्या म्हणाल्या. “तुलासुद्धा ओळखता आलं नाही?”